माझा वाय कुठे गेला

१ जुलै, सोमवार. सकाळी सहा.

आजपासून नवं आयुष्य. नवी वही, नवं पेन, नवा पांढरा एप्रन. एप्रन एक नंबर मोठा आहे, पण माणूस वाढतो.

चष्म्याच्या दुकानात तेरा वर्षं काढली. मालक थकले, दुकान बंद झालं, माझी सुटका झाली. घरात याला 'नोकरी गेली' असं म्हणतात. शब्द ज्याचे त्याचे.

सहा महिन्यांचा कोर्स आहे. जेनेटिक लॅब टेक्नॉलॉजी. माणसाच्या रक्तातल्या पेशी वाढवायच्या, मायक्रोस्कोपखाली त्यांतले क्रोमोझोम मोजायचे, जोड्या लावायच्या, आणि कुठे काही कमी-जास्त असेल तर सांगायचं. माणशी शेहेचाळीस. तेरा वर्षं भिंगांत काढलेल्या माणसाला मोजायला कितीसा वेळ लागणार?

वय अडतीस. बाकीचे विशी-बाविशीचे असतील. त्यांना मार्गदर्शन करावं लागेल. तयारी आहे.

संकल्प: रोज पाचला उठणे. (आज सहा वाजले, पण आजचा दिवस धरायचा नाही.) कमी बोलणे. वर्षभरात स्वतःच्या नावावर एक शोध.

बायको पोस्टात आहे, पत्रं लावायच्या विभागात. डबा हातात देताना म्हणाली, मन लावून कर. सासरे आमच्याकडेच असतात. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जावईबापू, काही फोडू नका." लेक नऊ वर्षांची आहे, तिने मात्र माझा एप्रन घालून आरशात पाहिलं. घरात एकीला तरी विज्ञानाची ओढ आहे.

संध्याकाळी.

पहिला दिवस उत्तम. शिकवायला हेड टेक्नॉलॉजिस्ट आहेत, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. सव्वीस वर्षं हेच काम. चष्मा मायनस चार, फ्रेम जुनी, नाकावरून घसरते. मी लगेच सांगितलं की नोजपॅड बदलून घ्या. त्या थँक्यू म्हणाल्या आणि मला हूडपासून दोन फूट लांब उभं राहायला सांगितलं. हूड म्हणजे काचेचं कपाट. आत स्वच्छ हवा वाहते, त्यात हात घालून काम करायचं.

बाईंचं पहिलं वाक्य वहीत उतरवलं: इथे हुशारी लागत नाही, सावधपणा लागतो. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. हुशारी पहिल्याच दिवशी लक्षात आलेली दिसते.

टेबलाला जोडीदार म्हणून बावीस वर्षांची एक मुलगी मिळाली आहे. बोलत नाही, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते. मी तिचं नाव मुंगी ठेवलं. ती मला काका म्हणाली. मी सुचवलं, दादा म्हण. ती म्हणाली, "बरं, काका."

९ जुलै.

पिपेटचा सराव. साधं पाणी. दर वेळी शंभर मायक्रोलीटर उचलायचं. माझं कधी साठ, कधी एकशे चाळीस. सरासरी काढली तर बरोब्बर शंभर! बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, पेशंटला सरासरी देत नाहीत.

मुंगीचं दहाच्या दहा वेळा शंभर. यंत्रासारखं. कल्पनाशक्ती कमी असावी.

पाचला उठणं सोमवारपासून.

२ ऑगस्ट.

माझ्या सहाही बाटल्यांत बुरशी. पेशी वाढवायच्या, वाढली बुरशी. बाईंनी विचारलं, बाटली उघडी असताना बोलत होतात का? बोलत नव्हतो. मुंगीला अंतर्वक्र भिंगाचं तत्त्व समजावून सांगत होतो. दोन्हींत फरक आहे.

तटस्थपणे पाहिलं तर बुरशी जोमदार होती. म्हणजे मी बनवलेलं खाद्य पौष्टिक असणार. हा मुद्दा कोणी लक्षात घेतला नाही.

२० ऑगस्ट.

पेशी विभागायला लागल्या की एक औषध घालून त्यांना मधेच थांबवायचं, म्हणजे क्रोमोझोम सुटे दिसतात. वीस मिनिटं ठेवायचं. मी चहाला गेलो, तिथे रिसेप्शनवरच्या बाईंना प्रोग्रेसिव्ह लेन्सबद्दल शंका होती. तासाभराने परतलो. क्रोमोझोम आखडून मोहरीचे दाणे झाले होते.

मोजता मात्र आले असते. लहान असले तरी होते.

बाईंनी ड्रॉवरमधून एक निळी वही काढली. वहीत काहीतरी लिहिलं. त्यांची ती निळी वही माझ्या प्रगतीने बरीच भरत आली आहे.

५ सप्टेंबर.

आज थेंब टाकणं. पेशींचं पाणी उंचावरून स्लाईडवर टाकायचं, पेशी फुटते आणि क्रोमोझोम पसरतात. बाई एक फुटावरून टाकतात. मी तर्क केला: उंची जास्त, पसरणं जास्त. स्टुलावर चढलो. थेंब स्लाईडवर पडला नाही, बाईंच्या चपलेवर पडला. त्या पाण्यात ॲसिड असतं, दिवसभर खोलीत व्हिनेगरचा वास.

मुंगीने नवी स्लाईड दिली आणि स्टूल उचलून नेलं. न सांगता नेलं. मुलगी कामाची आहे, माझ्या हाताखाली तयार होते आहे.

१८ सप्टेंबर.

मोठी बातमी. शेवटचा प्रकल्प: प्रत्येकाने स्वतःचं रक्त द्यायचं, त्यातले क्रोमोझोम लावायचे, स्वतःचा रिपोर्ट लिहायचा. चाळीस गुण.

बाईंनी अर्धा तास सांगितलं की स्वतःचं रक्त आहे, काय दिसेल सांगता येत नाही, काहीही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी आधी माझ्याकडे यायचं. संमतीच्या कागदावर सह्या घेतल्या. मुंगी चारही पानं वाचत बसली. मी पहिल्या मिनिटात सही केली. तेरा वर्षं हमीपत्रं भरली आहेत, वाचायची काय गरज.

२४ सप्टेंबर.

रक्त दिलं. चक्कर आली नाही. रक्त काढणाऱ्या ताई आणि मुंगी दोघींचंही म्हणणं आली. मी स्वतःहून जमिनीवर बसलो होतो.

वेळेचं नियोजन: नियम असा की रक्त काढल्यावर, त्या माणसासमोर, नाव विचारून नळीवर लिहायचं. यात वेळ जातो. मी दोघांची लेबलं काल घरीच लिहून आणली होती. माझं अक्षर सुरेख आहे. मुंगीला म्हटलं, तू कापूस धरून बस, नळ्यांचं मी बघतो. ती काहीतरी म्हणत होती, पण कानात घूं घूं होत होतं. जमिनीवर बसल्या बसल्या दोन्ही लेबलं चिकटवली. अगदी सरळ. बाईंची स्वतःची लेबलं कित्येकदा तिरकी असतात.

३० सप्टेंबर.

विजय! बहात्तर तास पेशी वाढवल्या, ना बुरशी, ना मोहरी. वेळ मुंगी लावत होती आणि चहाला मी गेलो नाही. (रिसेप्शनवरच्या बाई रजेवर.) क्रोमोझोम असे पसरलेत, जणू कोणी हाताने मांडलेत. रंगवल्यावर त्यांच्यावरचे पट्टे स्वच्छ. बाईंनी स्लाईड्स मायक्रोस्कोपमधून पाहिल्या आणि म्हणाल्या, "चांगल्या आहेत." तीन महिन्यांत पहिल्यांदा. दोन शब्द, पण खोल.

मोजले. शेहेचाळीस. मी पूर्ण आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार.

कॉम्प्युटरवर जोड्या लावल्या. मोठ्यापासून लहानापर्यंत बावीस जोड्या. शेवटची जोडी पुरुष की स्त्री ते सांगते. पुरुषाला एक एक्स आणि एक छोटा वाय. स्त्रीला दोन एक्स.

मला दोन एक्स आले.

दुसरी पेशी लावली. दोन एक्स. तिसरी, चौथी. पुरुषाच्या पेशीत सगळ्यात लहान असे पाच दिसायला हवेत, माझे चार. स्लाईडच्या कडेला शोधलं. भिंग पुसलं. माझा वाय नाही.

सव्वाअकराला मुंगी उठून बाईंच्या केबिनमध्ये गेली. बराच वेळ आत होती. तिचंही काहीतरी बिघडलेलं दिसतं. स्वतःच्याच विवंचनेत होतो, विचारलं नाही.

४ ऑक्टोबर.

सकाळी दाढी केली. नेहमीइतकीच होती.

ग्रंथालयातलं जाडं पुस्तक काढलं. आणि काय सापडावं! असे पुरुष असतात. वायचा एक तुकडा एक्सला चिकटलेला असतो. दिसायला सर्वसाधारण पुरुषच. वीस हजारांत एक.

वीस हजारांत एक! मला लहानपणापासून वाटायचंच. शाळेत कोणाला पटलं नाही, दुकानात पटलं नाही. आता रक्तच बोलतं आहे.

योजना: शोधनिबंध. परिषदेत भाषण. बाईंचं नाव दुसरं घालायचं, मन मोठं ठेवायचं. तोवर कोणालाही सांगायचं नाही. बाई म्हणाल्या होत्या त्याच दिवशी या, पण तो नियम सामान्य निकालांसाठी असणार.

५ ऑक्टोबर.

पुढचं पान वाचलं.

अशा पुरुषांना मूल होत नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पुस्तक मिटलं.

६ ऑक्टोबर, रविवार.

दिवसभर लेकीचं निरीक्षण. कागदावर दोन रकाने केले. माझ्यासारखं: चिडली की नाक फुगवते, गणित नको म्हणते, मोजे हरवते. माझ्यासारखं नसलेलं: वेळेवर उठते, एकदा सांगितलेलं ऐकते, काही फोडत नाही. रकाने बरोबरीत.

दुपारी तिने विचारलं, बाबा, तू माझ्याकडे असं का बघतोस? म्हटलं, काही नाही, मोठी झालीस. ती म्हणाली, कालपेक्षा?

तिला कुशीत घेतलं. वैज्ञानिकाने भावनेच्या आहारी जाऊ नये. पण थोडा वेळ गेलो.

७ ऑक्टोबर.

सासऱ्यांकडून आडवळणाने माहिती काढायचं ठरवलं. ते एकटेच पत्ते लावत बसले होते. सहज म्हटलं, पोर कोणावर गेली आहे हो? ते पत्त्यांवरची नजर न हलवता म्हणाले, "कान बघितलेत का तिचे? हुबेहूब तुमचे. जन्मली त्या दिवसापासून आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही."

यात दिलासा होता. पण सासरे तिच्या बाजूचे साक्षीदार, त्यांचा जबाब पूर्ण धरता येणार नाही.

९ ऑक्टोबर.

शास्त्र भावनेवर चालत नाही. पोस्टात बायकोच्या शेजारी पार्सल खिडकीवर एक गृहस्थ बसतात. लेकीच्या जन्माच्या वेळी त्यांनी कमरेइतकं उंच कापडी अस्वल दिलं होतं. एवढं मोठं अस्वल उगाच कोण देतं?

क्लास बुडवून पोस्टात गेलो. बायको आतल्या बाजूला होती, दिसली नाही. खिडकीसमोर उभा राहून पाच तिकिटं घेतली आणि प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने कान पाहिले. लहान, डोक्याला चिकटलेले. लेकीचे तसे नाहीत. गृहस्थांनी विचारलं, अजून काही हवंय? म्हटलं, नाही, मिळालं.

पुरावा अनिर्णित.

१४ ऑक्टोबर.

आठ दिवस जेवण जात नाही. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, अभ्यास. ती म्हणते, अभ्यासाने तुला कधी काही झालेलं मी पाहिलं नाही.

शेवटी ठरवलं. माफ करायचं. पोर माझी आहे. तिचे मोजे मी शोधतो, तिच्या तापात मी जागलो आहे. क्रोमोझोम काहीही म्हणोत. बायकोला सन्मानाने, एकही कटू शब्द न काढता माफ करायचं. वाक्य तयार केलं, तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

१५ ऑक्टोबर.

सकाळी लेक शाळेत, सासरे फिरायला. बायको डबा भरत होती. तिच्यासमोर उभा राहून म्हणालो, "मी तुला माफ केलंय."

"कशाबद्दल?"

सगळं सांगितलं. कागदावर एक्स आणि वाय काढून दाखवले. वीस हजारांत एक सांगितलं. पुढचं पान सांगितलं. अस्वलाचाही उल्लेख केला.

ती ऐकत राहिली. मग डब्याचं झाकण लावलं, डबा ओट्यावर ठेवला. तिचा चेहरा मी बारा वर्षं बघतो आहे, पण असा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"माझ्यावर संशय घेतलास," ती म्हणाली. "एकदा तरी त्या नळीवर घेतलास का?"

मला कळलं नाही. मग तिने एकेक प्रश्न विचारला, खिडकीवर आलेल्या तक्रारदाराला विचारावा तसा. नाव कोणी लिहिलं? मी. कधी? आदल्या दिवशी, घरी. शेजारची नळी कोणाची होती? मुंगीची. लेबलं कोणी चिकटवली? मी. कुठे बसून?

"जमिनीवर," मी म्हणालो.

"चुकीच्या दारात पत्र पडलं म्हणून घरातला माणूस बदलत नाही," ती म्हणाली. "आजच्या आज जाऊन सांग." आणि डबा न घेता निघून गेली. स्वतःचा डबा. मी तो पोस्टात नेऊन दिला नाही. पार्सल खिडकीसमोरून जावं लागतं.

तेवीस सेकंदांत तिने सोडवलं. मला बारा दिवस लागले. अर्थात तिला तयार माहिती मिळाली.

त्याच दिवशी, दुपारी.

बाईंच्या केबिनमध्ये गेलो. सुरुवात अशी केली की एका शक्यतेकडे मला लक्ष वेधायचं आहे. बाईंनी ड्रॉवर उघडून एक रिपोर्ट समोर ठेवला. तारीख तीन ऑक्टोबर. मुंगीने लिहिलेला. तिच्या नावाच्या नळीत वाय होता. पाहिल्यावर दहा मिनिटांत ती बाईंकडे आली होती, तिचं नव्याने रक्त घेऊन तपासून झालं होतं. सगळं त्यांना तेव्हापासून माहीत होतं.

विचारलं, मग मला सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, मी वाट पाहत होते.

नोजपॅड बदललेला होता. चष्मा घसरत नव्हता, त्यामुळे त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या.

"चूक मला चालते," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत माझ्याही झाल्यात, सगळ्या त्या निळ्या वहीत आहेत. तुम्ही बारा दिवस गप्प बसलात, ते चालत नाही. उद्या ती नळी कोणाच्या तरी बाळाची असेल."

उत्तर देण्यासारखे दोन-तीन मुद्दे माझ्याकडे होते. दिले नाहीत. एकदम डोळ्यांसमोर आला एक माणूस. कुठल्यातरी घरात बसलेला, हातात माझ्या सुरेख अक्षरातला कागद, आणि समोर खेळणाऱ्या पोरीचे कान बघतो आहे. त्याला पोस्टातली बायको नसेल. तो कोणाला विचारणार?

 बाईंनी पाणी दिलं. पाणी प्यायलो.

१६ ऑक्टोबर.

मुंगीची माफी मागितली. ती म्हणाली, मला थोडी भीती वाटली होती काका, पण दहाच मिनिटं. मग म्हणाली, त्या दिवशी मी सांगत होते की नाव आधी विचारा.

तिने पाहिलेला वाय अर्थात माझा होता. तिने माझ्या तीस पेशी लावल्या होत्या. रिपोर्ट वाचायला दिला. शेहेचाळीस, एक्स वाय. सामान्य पुरुष. उल्लेखनीय काहीही नाही.

विचारलं, पुन्हा एकदा बघतेस का? कुठे बारीकसं काही? ती म्हणाली, तीस पाहिल्या काका, सगळ्या सारख्याच आहेत.

१९ ऑक्टोबर.

घरात 'हो', 'नाही' आणि 'मीठ दे' एवढंच बोलणं. सासऱ्यांना काय कळलं आहे माहीत नाही, पण माझ्या समोरून जाताना ते कानावर हात फिरवतात.

फुलं आणली. बायकोने पाण्यात ठेवली. लेकीने विचारलं, कोणाचा वाढदिवस?

२३ ऑक्टोबर.

आज बायको पोस्टातून आली ती दारातच चप्पल न काढता उभी राहिली. पार्सल खिडकीवरच्या गृहस्थांनी दोन आठवडे विचार करून आज तिला विचारलं म्हणे, तुमचे मिस्टर बरे आहेत ना? मागे आले होते. पाच तिकिटं घेतली, एकेक करून. आणि सारखे डोकं वाकडं करून माझ्या कानात बघत होते.

एवढं सांगता सांगता ती भिंतीला टेकली आणि हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सासरे आले, तेही हसायला लागले, म्हणजे त्यांना सगळंच ठाऊक होतं. मीही हसलो. लेक काही न कळता सगळ्यांत जास्त हसली.

अस्वलाचाही खुलासा झाला. पार्सलवाल्यांच्या दुकानदार भावाकडे एक उरलं होतं.

मग बायको गंभीर झाली. म्हणाली, पुन्हा असं काही वाटलं तर आधी मला विचारायचं. बारा दिवस नाही, बारा मिनिटं. कबूल केलं. हे मात्र मी खरोखर पाळणार आहे. इथे लिहिलंय म्हणून नाही.

२५ नोव्हेंबर.

तयारी जोरात. दोष निघून गेल्याने आता माझ्यात फक्त गुण उरले आहेत. पहिल्या तिघांत येईन असा अंदाज. बाईंनी प्रॅक्टिकलला विशेष लक्ष द्या म्हणून सांगितलं, फक्त मला. अपेक्षा आहेत.

रोज पाचला उठणं आता परीक्षेनंतरच.

१२ डिसेंबर.

प्रॅक्टिकल झाली. बाहेरचे परीक्षक आले होते. रक्ताच्या चार नळ्या, नावं तपासायची, नोंद करायची, कल्चर लावायचं, म्हणजे पेशी वाढायला ठेवायच्या. दोन तास.

या वेळी धडा शिकलेला माणूस कसा असतो ते दाखवलं. प्रत्येक नळीवरचं नाव वाचलं, यादीशी ताडलं, उलट वाचलं, परीक्षकांना मोठ्याने वाचायला लावलं. ते स्वाक्षरी करायला वाकले तर त्यांचंही नाव विचारून घेतलं. चारही नळ्यांची ओळख अशी पक्की केली की पृथ्वी उलटली तरी ढळणार नाही. तेवढ्यात घंटा झाली.

कल्चर लावायचं राहिलं. पण पाया भक्कम झाला होता.

२० डिसेंबर.

निकाल. लेखी एक्काहत्तर. प्रॅक्टिकल नापास. पुन्हा सहा महिने, नव्या बॅचबरोबर.

मुंगी पहिली आली. तिने पेढे वगैरे काही केलं नाही, टेबल पुसून ठेवलं. तिला लॅबनेच ठेवून घेतलं आहे. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, पाया आपण दोघांनी घातला. ती म्हणाली, हो काका.

बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, येणार ना परत? मी म्हटलं, तुम्हाला वाटतं मी यावं? त्या थोडं थांबल्या. म्हणाल्या, ऑक्टोबरआधी विचारलं असतंत तर नाही म्हटलं असतं.

घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, जा. या वेळी सावकाश जा.

~~७~~ ६ जानेवारी, सोमवार. सकाळी सहा.

आजपासून नवं आयुष्य. एप्रन धुवून किंचित आटला, आता अंगाबरोबर बसतो. नव्या बॅचमध्ये मी एकटाच अनुभवी. बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून मार्गदर्शन करावं लागेल. या खेपेला पहिला नंबर लिहूनच ठेवायला हरकत नाही.

संध्याकाळी.

बाईंनी सगळ्यांना नव्या असिस्टंटची ओळख करून दिली. मुंगी. यापुढे टेबलांवर तीच शिकवणार. मुलं तिला मॅडम म्हणाली. माझी पाळी आली तेव्हा मीही म्हणालो. ती म्हणाली, बरं, काका.

पहिलंच काम: बारा रिकाम्या नळ्यांवर नाव आणि तारीख. मी सगळ्यांत आधी संपवून हात वर केला. मॅडमनी एकेक नळी उचलून पाहिली. नावं बाराही बरोबर. तारीख बाराही चूक. सात लिहिली होती, आज सहा आहे.

मी दुसरी लेबलं मागितली. ती म्हणाली, नाही काका, लॅबमध्ये खोडायचं नाही आणि फाडायचंही नाही. चुकीवर एक रेघ मारायची, आतलं दिसलं पाहिजे. शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. चूक कोणाची ते कळलं पाहिजे.

बारा रेघा, बारा सह्या. पाऊण तास लागला. बाकीची बॅच तोवर पिपेटवर गेली होती.

घरी येऊन ही वही उघडली. सकाळी इथेही सातच लिहिलं होतं.

वर रेघ मारली आहे. शेजारी सहा लिहिलंय. सही केली.